चष्मा घालवणारे थेंब आणि सहा शब्दांचं लेबल

मागच्या व्हिडिओखाली एकाने विचारलं, "भाऊ, ते चष्मा घालवणारे थेंब आले होते ना, त्याची एजन्सी मिळेल का?" प्रश्न चांगला आहे, आणि उत्तरात धंद्याचा मोठा धडा आहे, म्हणून लिहूनच टाकतो.

आधी विषय समजून घ्या. चाळिशी लागली की मोबाइल हात लांब करून वाचावा लागतो. डोळ्यातलं भिंग ताठर होत जातं आणि जवळचं धूसर दिसतं. हा आजार कमी अन् वय जास्त. आपल्या बल्लारपूरच्या बाजारात बघा, शिंप्यापासून किराणावाल्यापर्यंत पंचेचाळिशीतला प्रत्येक जण बिल डोळ्यांपासून दूर धरूनच वाचतो.

आता ते थेंब. मुंबईच्या एन्टॉड फार्मास्युटिकल्सचे 'प्रेसव्ह्यू'. त्यात पायलोकार्पिन १.२५ टक्के. हे औषध नवीन नाही; काचबिंदूसाठी डॉक्टर ते कित्येक वर्षांपासून देतात. ते बाहुली लहान करतं. बारीक छिद्रातून पाहिलं की अक्षर स्पष्ट दिसतं ना, तसंच काहीसं. परिणाम काही तासांचा, मग पुन्हा होतं तसंच. डोकं दुखू शकतं, अंधारात कमी दिसू शकतं (रात्री गाडी चालवणाऱ्यांनी हे लक्षात घ्या), आणि क्वचित पडदा सुटण्याचा धोकाही असतो. म्हणून तपासणी आणि चिठ्ठी दोन्ही लागतात. अमेरिकेत याच औषधाच्या 'व्ह्युइटी' थेंबांना २०२१ मध्ये मान्यता मिळाली होती.

ऑगस्ट २०२४ मध्ये आपल्या औषध महानियंत्रकांनी प्रेसव्ह्यूला परवानगी दिली. सप्टेंबरच्या सुरुवातीला बातमी फुटली आणि मग काय विचारता! वाचण्याच्या चष्म्याची गरज कमी करणारे भारतातले पहिले थेंब, पंधरा मिनिटांत फरक, किंमत साधारण ३५० रुपये, ऑक्टोबरपासून दुकानात. व्हॉट्सअ‍ॅपवर तर "चष्म्याला कायमचा रामराम" इथपर्यंत गाडी गेली. आणि १० सप्टेंबरला महानियंत्रकांनी परवानगी पुढील आदेशापर्यंत स्थगित केली.

का? औषध विषारी निघालं म्हणून नाही. नियामकाचं म्हणणं असं की परवानगी होती डॉक्टरांच्या चिठ्ठीवर मिळणाऱ्या औषधाची, पण प्रचारामुळे लोकांना वाटलं की हे सरळ दुकानातून आणून डोळ्यात टाकायचं. चष्म्याची गरज कमी होते, पंधरा मिनिटांत दिसतं, या दाव्यांना मंजुरीच नव्हती. कंपनीने सांगितलं, आम्ही माध्यमांसमोर काहीही चुकीचं मांडलेलं नाही. कोण बरोबर यात मी पडत नाही. मी बघतो ते एवढंच: माल बाजारात यायच्या आधीच अडकला, आणि अडकला तो बोलण्यावरून.

आता तुम्ही म्हणाल, आपण कुठे औषध कंपनी! थांबा. आमच्या बॅचमध्ये गडचिरोलीकडच्या एक ताई आहेत, जंगलातला मध विकतात. माल एक नंबर. लेबलचा नमुना आणला, त्यावर ठळक अक्षरात: "शुगर कमी करतो, नजर वाढवतो." मी म्हटलं, ताई, हे छापू नका. १९५४ चा एक कायदा आहे, औषधे आणि जादूटोणा उपाय यांच्या आक्षेपार्ह जाहिरातींविरुद्धचा. मधुमेह, मोतीबिंदू, अंधत्व अशा आजारांची त्यात यादीच आहे. ते बरे करतो असं जाहिरातीत म्हणता येत नाही. ताई म्हणाल्या, "पण सगळेच लिहितात ना दादा!" लिहितात, खरंय. नोटीस येते तेव्हा मात्र ती एकट्याच्याच नावावर येते.

एजन्सीचं म्हणाल तर, औषध विकायला औषध प्रशासनाचा परवाना आणि नोंदणीकृत फार्मासिस्ट लागतो. स्टेशनरीच्या काउंटरवरून हे जमत नाही. माझ्याही नाही.

मग या गरजेत धंदा आहे की नाही? आहे, पण साध्या चष्म्यात. आसामच्या चहामळ्यात चाळिशीपुढच्या ७५१ मजुरांवर अभ्यास झाला, २०१८ मध्ये लॅन्सेट ग्लोबल हेल्थमध्ये छापून आला. ज्यांना जवळचा चष्मा दिला त्यांची पानं खुडण्याची गती, न दिलेल्यांच्या तुलनेत, सुमारे २२ टक्के जास्त वाढली. चष्म्याने! आपल्याकडे तेंदूची पानं मोजणारे, शिवणकाम करणारे, तांदूळ निवडणारे हात किती आहेत, हिशोब करा. गावात नेत्रतपासणीचं शिबिर भरवा, तपासायचं काम नेत्रतज्ज्ञांना करू द्या, फ्रेम आणि दुरुस्ती तुम्ही सांभाळा. दांडी मोडली तर बल्लारपूरला यावं लागू नये, एवढी सोय दिली तरी गिऱ्हाईक धरून राहतं.

ताईंनी शेवटी लेबल बदललं. आता त्यावर सहाच शब्द आहेत: "जंगलातला मध, गाळलेला, साखर न मिसळलेला." खाली वजन, तारीख, अन्न परवान्याचा क्रमांक. पहिल्या खेपेच्या चाळीस बाटल्या चंद्रपूरच्या प्रदर्शनात गेल्या, दुसरी खेप भरणं चालू आहे.