ट्रिगर मासा : टाकीतला उपद्रवी, खडकावरचा राखणदार

खाऱ्या पाण्याच्या टाकीत जिवंत प्रवाळ, समुद्रपुष्पे, कोळंबी आणि रंगीत मासे एकत्र वाढवायचे, म्हणजे प्रवाळ खडकाची छोटी प्रतिकृतीच घरात उभी करायची, हा छंद आज जगभर आहे. या छंदात पडलेले लोक एक प्रश्न हमखास विचारतात : अशा टाकीत ट्रिगर मासा ठेवणे सुरक्षित आहे का? प्रश्न छंदापुरता वाटतो. पण उत्तर शोधू लागलो की शरीररचना, आहार आणि परिसंस्था यांचे धागे एकमेकांत कसे गुंतलेले असतात ते दिसू लागते. म्हणून तो वर्गातही घेण्याजोगा आहे.

ट्रिगर माशांच्या कुलाचे नाव बॅलिस्टिडी. त्यात सुमारे ४० जाती असून त्या बहुतेक उष्ण समुद्रांत राहतात. ट्रिगर म्हणजे बंदुकीचा चाप. या माशाच्या पाठीवरच्या पहिल्या परात तीन काटे असतात. त्यांतला पहिला जाड आणि लांब असतो. तो उभा राहिला की दुसऱ्या, लहान काट्याचा बुंधा त्याच्यामागे अडसरासारखा बसतो. मग पहिला काटा कितीही दाबला तरी खाली जात नाही. दुसरा काटा दाबला, की मात्र चाप ओढावा तसा पहिला चटकन मिटतो. रात्री किंवा संकटाच्या वेळी हा मासा खडकाच्या कपारीत शिरतो, काटा उभारतो आणि स्वतःला तिथे पाचरीसारखा घट्ट बसवतो. शत्रूला तो बाहेर ओढता येत नाही.

आता त्याचे तोंड पाहू. ते लहान असते. पण जबडे अतिशय बळकट. प्रत्येक जबड्याच्या बाहेरच्या ओळीत छिन्नीसारखे ८ दात असतात. डोळे मात्र तोंडापासून बरेच दूर, वर आणि मागे. असे का असावे? उत्तर त्याच्या अन्नात आहे. अनेक जाती खेकडे, शंख-शिंपले आणि लांब काट्यांचे समुद्री अर्चिन खातात. डोळे तोंडाजवळ असते, तर पहिल्याच घासाला काटे डोळ्यांत गेले असते. हान्स फ्रिके या जर्मन जीवशास्त्रज्ञाने १९७० च्या सुमारास तांबड्या समुद्रात या शिकारीचा अभ्यास केला. ट्रिगर मासा तोंडातून पाण्याची जोरदार धार सोडून अर्चिनला उलथा पाडतो आणि खालच्या, आखूड काट्यांच्या बाजूने त्याला फोडतो.

हीच हत्यारे घेऊन तो टाकीत आला, तर काय होईल? प्रवाळाच्या टाकीत शेवाळ खाण्यासाठी गोगलगायी आणि उरलेसुरले अन्न टिपण्यासाठी खेकडे, कोळंबी मुद्दाम सोडतात. ही टाकीची सफाई कामगार मंडळी. ट्रिगर माशाच्या दृष्टीने मात्र ते वाढून ठेवलेले ताट असते. ती संपली की शेवाळ माजते आणि प्रवाळांवर पसरते. बहुतेक ट्रिगर प्रवाळांवर जगत नाहीत, काही जाती मात्र प्रवाळांची टोके कुरतडतात. शिवाय दगड हलवणे, धार सोडून वाळू उडवणे हे चालूच असते. ती वाळू प्रवाळांवर बसते. मोठा मासा खातो भरपूर, म्हणून पाण्यात अमोनियाही अधिक सोडतो. जीवाणू अमोनियाचे आधी नायट्राइट आणि मग नायट्रेट करतात. पण नायट्रेट साठत गेले, तर तेही प्रवाळांना मानवत नाही.

मात्र सगळे ट्रिगर एका माळेचे मणी नाहीत. झँथिक्थिस या प्रजातीतले मासे मोकळ्या पाण्यात तरंगणारे सूक्ष्म प्राणी, म्हणजे प्लवक, टिपून खातात. निळ्या गळ्याचा ट्रिगर त्यांतलाच. त्यांचे तोंड किंचित वर वळलेले असते. लाल दातांचा ओडोनस नायजर हाही मुख्यतः प्लवक आणि स्पंज खातो. आपल्या पश्चिम किनाऱ्यावर कर्नाटक-केरळकडे तो मासेमारीच्या जाळ्यांतही येतो. प्लवक खाणाऱ्या जाती मोठ्या टाकीत प्रवाळांबरोबर बहुधा सुखाने राहतात, लहान कोळंबीची हमी मात्र कोणी देऊ नये. उलट, विदूषक ट्रिगर ५० सेंटिमीटरपर्यंत वाढतो आणि कवचधारी प्राण्यांवरच जगतो. टायटन ट्रिगर ७५ सेंटिमीटरपर्यंत वाढतो आणि घरट्याजवळ आलेल्या पाणबुड्यांवरही धावून जातो. टाकीत सर्वांत भांडखोर म्हणून ओळखला जातो तो नारिंगी रेघांचा ट्रिगर, बॅलिस्टॅपस अन्ड्युलेटस.

पण या शेवटच्या माशाची दुसरी बाजू पाहण्यासाठी टाकी सोडून केनियाच्या किनाऱ्यावर जावे लागेल. तेथील प्रवाळ खडकांवर टिम मॅक्‌लानहान आणि त्यांचे सहकारी १९८० च्या दशकापासून काम करत आले आहेत. ज्या खडकांवर बेसुमार मासेमारी झाली, तिथे अर्चिनांची संख्या फार वाढलेली त्यांना आढळली. अर्चिन शेवाळ खरवडताना खालचा चुनखडीचा खडकही खरवडतात. त्यांची गर्दी झाली की खडक घडतो त्याहून जास्त झिजू लागतो. संरक्षित सागरी उद्यानांत मात्र अर्चिन मोजकेच होते, कारण त्यांना खाणारे मासे तिथे शिल्लक होते. त्यांतला प्रमुख शिकारी होता हाच नारिंगी रेघांचा ट्रिगर! मासेमारी थांबवल्यावरही त्याची संख्या पूर्ववत होण्यास बरीच वर्षे लागतात, हेही या अभ्यासातून दिसले.

मग या माशाला काय म्हणायचे, उपद्रवी की राखणदार? एक साधे गणित करू. १५० सेंटिमीटर लांब, ६० रुंद आणि ६० उंच टाकीत ५४० लिटर पाणी मावते. तळाचे क्षेत्रफळ एक चौरस मीटरही भरत नाही. समजा, तिच्यात ३० गोगलगायी आहेत आणि मासा रोज एक खातो. महिन्याभरात खेळ खलास! खडकावरही तो तितक्याच खाईल. पण तिथे मासा दूरवर फिरतो आणि प्रवाहांबरोबर नवे डिंभ येऊन वस्ती पुन्हा भरून निघते. माशाचा चावा तोच. बदलली ती जागा. म्हणून 'सुरक्षित आहे का?' या प्रश्नाला 'कोणासाठी, कुठे आणि किती जागेत?' हे उपप्रश्न जोडल्याशिवाय उत्तर नाही.

विद्यार्थ्यांना हे पटवण्यासाठी महागडी टाकी नको. मासळीबाजारातून एक बांगडा, एक सुरमई आणि एक शिंगाळा आणावा. तोंडाची दिशा, दात, मिशा आणि कल्ल्यांतली चाळणी पाहून प्रत्येकाचे अन्न काय असेल, याचा अंदाज आधी वहीत लिहायला सांगावा. मग पोट उघडून पडताळावा. शाळेच्या संग्रहासाठी किनाऱ्यावरून प्रवाळ मात्र उचलू नयेत. खडक बांधणाऱ्या प्रवाळांना आपल्या वन्यजीव संरक्षण कायद्याचे संरक्षण २००१ पासून आहे.

छंद असणाऱ्यांना आमचे सांगणे इतकेच : दुकानात बोटाएवढ्या पिल्लाचे रंग पाहून निर्णय घेऊ नये. त्याची जात, पूर्ण वाढ आणि आहार आधी विचारावा. आपल्या टाकीत न मावणारा मासा वाईट नसतो. त्याची जागा खडकावर असते, आणि तिथे त्याचे काम दुसऱ्या कोणाला सहज जमत नाही.