जुनी गाडी, चालती गाडी (भाग ७) : आकडे गेले, गारवा शाबूत

२००५ साली मारुतीने स्विफ्ट आणली, तेव्हा तिच्या झेडएक्सआय या वरच्या मॉडेलला तापमान आपोआप सांभाळणारा एसी होता. त्या पिढीतल्या गाड्या आता दुसऱ्या-तिसऱ्या मालकाच्या दारात आहेत. पुण्या-हैदराबादेत ऐन उमेदीची वर्षे काढून मुखेड, उदगीर, देगलूरकडे आलेल्या अशा गाड्यांची एक तक्रार ठरलेली असते. इंजिन ठणठणीत, एसी गार, पण मधल्या पॅनलवरचे आकडे गायब. तापमान २२ वर आहे की २८ वर, हे वाऱ्यावरून ओळखायचे!

इथे पहिला खर्च बहुधा चुकीच्या जागी होतो. गाडी एसीवाल्याकडे जाते आणि तो गॅस तपासतो, वाटल्यास भरूनही देतो. गॅसचा आणि आकड्यांचा काडीचाही संबंध नाही. बटण दाबल्यावर ब्लोअरचा वेग बदलत असेल, तर पॅनलचा मेंदू शाबूत आहे, बिघाड फक्त दाखवण्यात आहे. बटणेही मुकी झाली असतील तर मात्र आधी फ्यूज पाहावा.

पडदा कसा गेला, हे नीट पाहिले की निम्मे काम होते. अंधारात टॉर्च तिरका धरल्यावर आकडे पुसट दिसले, तर मागचा दिवा गेला आहे. जुन्या पॅनलमध्ये तो गव्हाच्या दाण्याएवढा बल्ब असतो, नंतरच्यांत एलईडी. भर दिवसा पडदा मंद वाटत असेल, तर पार्किंग लाइट चालू राहिलाय का बघा. पुष्कळ गाड्यांत तो लावला की पॅनलचा उजेड रात्रीसाठी आपोआप कमी होतो. ८ चा ६ दिसतो, ५ ची एक दांडी नाही, अशी मोडतोड असेल तर दोष जोडणीत. आणि काही पडदे फक्त उन्हात तापल्यावर काळवंडतात, गार झाले की शहाण्यासारखे वागतात.

या शेवटच्या प्रकाराचे मूळ १८८८ मधले आहे. प्रागमध्ये फ्रीडरिख रायनिट्झर या वनस्पतिशास्त्रज्ञाला एक पदार्थ दोनदा वितळताना दिसला. १४५ अंशांच्या आसपास गढूळ, १७८ च्या पुढे नितळ. मधली गढूळ अवस्था म्हणजेच द्रवस्फटिक, एलसीडीचा प्राण. आजच्या पडद्यांतली मिश्रणे वेगळी असली तरी त्यांनाही वरची मर्यादा असतेच. अमेरिकेतल्या टेम्पे शहरात केलेला एक अभ्यास २०१८ मध्ये प्रसिद्ध झाला. उन्हाळ्यात तासभर उन्हात उभ्या गाड्यांचा डॅशबोर्ड त्यात सरासरी ६९ अंशांवर गेलेला आढळला. मुखेडच्या मे महिन्यात बाजारपेठेत गाडी लावून गेलेल्याला या आकड्याचे नवल वाटायचे नाही.

उष्णतेचा खरा घाव मात्र जोडणीवर बसतो. काच आणि सर्किट बोर्ड यांच्यामध्ये बहुधा रबराची बारीक पट्टी दाबून बसवलेली असते. तिच्यात कार्बन मिसळलेले काळे थर आणि साधे पांढरे थर आलटून पालटून असतात, म्हणून तिला झेब्रा पट्टी म्हणतात. काही पॅनलमध्ये तिच्याऐवजी प्लास्टिकची लवचिक पट्टी काचेला चिकटवलेली असते. डिंक सुटला की आकड्यांच्या दांड्या एकेक करून गळतात. साब ९-५ आणि बीएमडब्ल्यूची ई३९ या महागड्या गाड्याही याच दुखण्याने बदनाम झाल्या. त्यामुळे स्विफ्टवाल्याने कमीपणा मानू नये.

म्हणून हे काम ट्रॅक्टरचा स्टार्टर बांधणाऱ्या इलेक्ट्रिशियनचे नाही, मोबाइल किंवा टीव्ही दुरुस्त करणाऱ्याचे आहे. पॅनल सोडवून देण्यापुरता गाडीचा मिस्त्री हवा, तेही बॅटरीची निगेटिव्ह तार काढून, एअरबॅग असेल तर काही मिनिटे थांबून. पुढे झेब्रा पट्टी आणि बोर्डावरच्या सोनेरी रेघा आयसोप्रोपिल अल्कोहोलने पुसायच्या. पेट्रोल किंवा थिनर काचेवरच्या पोलरायझरची फिल्म खराब करू शकते. घट्ट दाबून परत बसवल्यावर कित्येकदा एवढ्यावरच आकडे उमटतात. बल्बच्या किंवा सॉकेटच्या पायांशी डाख कोरडा होऊन तडकला असेल, तर तो नव्याने द्यायचा. बल्बच्या जागी एलईडी घालायचा तर रेझिस्टर आणि दिशा दोन्ही सांभाळावी. डिंकाची पट्टी गरम करून चिकटवता येते, पण तो उपाय पुढचा उन्हाळा पाहीलच असे नाही. तिथे पट्टीच बदललेली बरी.

पाण्यात उभी राहिलेली गाडी हा वेगळाच मामला. ऑगस्ट २०२५ च्या अतिवृष्टीत मुखेड तालुक्यातल्या रावणगाव, हसनाळ या गावांत पाणी शिरले. पुरातून गेलेल्या गाडीचा पडदा विझला असेल, तर पॅनलला हात लावण्याआधी पायाखालचा गालिचा उचलावा आणि खालच्या जोडण्यांवर हिरवी बुरशी, म्हणजे गंजलेले तांबे, आहे का ते पाहावे. तिथे गंज असताना वर नवे पॅनल बसवणे म्हणजे पैसे पाण्यातच.

भंगारातून दुसरे पॅनल आणायचे झाल्यास मागच्या चिठ्ठीवरचा भाग क्रमांक जुन्याशी ताडून घ्यावा. बाहेरून सारखी दिसणारी दोन पॅनले आतून वेगळी निघतात. बसवून बॅटरी जोडल्यावर काही गाड्यांत डॅशबोर्डच्या पोटात घरघर ऐकू येते. हवेच्या झडपा फिरवणाऱ्या मोटारी आपल्या हद्दी पुन्हा मोजत असतात. ती थांबेपर्यंत बटणांना हात लावू नये.

पुढच्या आठवड्यात : ब्लोअर फक्त चारवरच का चालतो?