पत्र मित्राचं, भुर्दंड आपल्याला

1792च्या टपाल कायद्यानुसार अमेरिकेत एका कागदाच्या पत्राला 30 मैलांपर्यंत 6 सेंट, तर 450 मैलांपलीकडे 25 सेंट पडत. दोन कागद असले की दर दुप्पट. पाकीट वापरलं तर तोही एक कागद. म्हणून पत्रच दुमडून लाखेनं बंद करायचं. आणि पैसे बहुधा पत्र घेणाऱ्यानं मोजायचे! एकाच पानावर तंबाखूचा भाव, हुंडीची मुदत आणि मुलाबाळांची खुशाली यांची दाटी होई, यात नवल नाही.

याच काळातले अमेरिकेचे अध्यक्ष थॉमस जेफरसन पत्रं लिहायला 1804पासून ‘पॉलिग्राफ’ वापरत. दोन जोडलेल्या लेखण्यांच्या या यंत्रावर लिहितानाच नक्कल तयार होई. दोस्तांना लिहिलेल्या पत्रांच्याही प्रती जपणारा हा माणूस पैशांच्या बाबतीत मात्र भिडस्त. 1818मध्ये मित्र विल्सन केरी निकोलस यांच्या 20,000 डॉलरच्या कर्जाला ते जामीन राहिले. 1819च्या मंदीत निकोलस बुडाले आणि बोजा जेफरसन यांच्यावर आला. संबंध तुटले नाहीत. निकोलस यांची मुलगी जेफरसन यांच्या नातवाला दिलेली होती. 1820मध्ये निकोलस वारले. त्यांचं दफन जेफरसन यांच्याच माँटिसेलो इस्टेटीवर झालं.