मामा ऑन ड्युटी

घरात बाळ आलं की सगळ्यांचं एकदम प्रमोशन होतं. आई आजी होते, बाबा आजोबा होतात आणि थर्ड इयरला असलेला, स्वतःचा टॉवेलसुद्धा वाळत न घालणारा मुलगा एका रात्रीत मामा होतो. माझं असंच झालं. ताई बाळंतपणाला माहेरी, म्हणजे पुण्याला आली आणि माझी खोली गेली. मी, माझी गिटार आणि माझ्या नोट्स, सगळे हॉलमध्ये शिफ्ट.

मामाचं काम म्हणजे भाचीचे फोटो काढायचे आणि स्टोरी टाकायची, अशी माझी समजूत होती. ताईने पहिल्याच आठवड्यात ती मोडली. ‘‘चेहरा दिसेल असा फोटो कुठेही टाकायचा नाही. मोठी झाली की तिचं ती ठरवेल.’’ बाराव्या दिवशी बारसं झालं. आत्याने कानात ‘कुर्रर्र’ करून नाव सांगितलं, पण घरात ती पिल्लूच राहिली. त्या दिवसाचे दोनशे फोटो माझ्या फोनमध्ये आहेत आणि एकही अपलोड झालेला नाही. तेव्हा मी वैतागलो होतो. आता ते बरोबर वाटतं.

पिल्लूचं पहिलं आउटिंग झालं ते दीड महिन्याच्या लसीसाठी. दीड, अडीच आणि साडेतीन महिने या तीन तारखा आमच्या घरात परीक्षेच्या टाइमटेबलसारख्या फ्रिजवर लावल्या होत्या. रिक्षाने वीस मिनिटांचा रस्ता, पण तयारी ट्रेकला निघाल्यासारखी. दुपटी चार, लंगोट सहा, डायपर तीन, कपड्यांचे दोन जोड, टोपडं, लसीचं कार्ड, पाण्याची बाटली आणि ताईसाठी अळिवाचा लाडू. बॅग अर्थात माझ्याकडे. दंडात घेतलेली इंजेक्शनं आपल्याला आठवतात, पण इतक्या लहान बाळाला ती मांडीत देतात हे मला तिथे कळलं. पिल्लू रडली, ताईचे डोळे भरले आणि मी भिंतीवरचं पोस्टर तीनदा वाचून काढलं. रात्री थोडा ताप आला. डॉक्टरांनी तसं आधीच सांगितलं होतं, तरी आम्ही सगळे जागे.

त्याच सुमारास पिल्लू आमच्याकडे बघून हसायला लागली. झोपेतलं हसू वेगळं आणि हे वेगळं. त्यानंतर फॅमिली ग्रुपवर रोजचे प्रश्न सुरू झाले. मान धरते का? कुशीवर वळते का? एक मावशी म्हणाल्या, ‘‘आमचा तर नवव्या महिन्यात धावत होता.’’ मला निकालाच्या दिवशी जिन्यात गाठणाऱ्या शेजारच्या काकू आठवल्या. सीजीपीए तरी विसाव्या वर्षी विचारतात, इथे तर तीन महिन्यांपासूनच मेरिट लिस्ट!

म्हणून मी जरा शोधाशोध केली. जागतिक आरोग्य संघटनेने भारतासह पाच देशांतल्या निरोगी बाळांचा अभ्यास करून २००६ मध्ये त्याचे निष्कर्ष मांडले. त्यानुसार आधाराशिवाय चालायला सुरुवात साधारण आठव्या महिन्यापासून ते साडेसतराव्या महिन्यापर्यंत कधीही होऊ शकते. आणि शंभरातली चारेक बाळं तर हातागुडघ्यांवर रांगतच नाहीत, थेट पुढची पायरी गाठतात. म्हणजे काळजी वाटली तर डॉक्टरांना जरूर विचारायचं, पण शेजारच्या बाळाशी स्पर्धा लावायची नाही. मी हे ग्रुपवर टाकलं. मावशींनी फक्त अंगठा पाठवला.

साडेतीन महिन्यांची लस झाल्यावर आम्ही जरा धीट झालो. सारसबागेत गेलो. हिरवळीवर बसलो, पिल्लूने झाडांकडे टक लावून पाहिलं आणि बरोबर विसाव्या मिनिटाला तिला भूक लागली. ताईने ओढणी घेतली आणि मी छत्री उघडून पाठमोरा उभा राहिलो. ऊन नव्हतं, पाऊसही नव्हता. जाणारे-येणारे माझ्याकडे बघत होते, पण चाललं.

पुढच्या रविवारी जिजू मुंबईहून आले म्हणून सगळे मॉलमध्ये गेलो. तिथे मात्र नाही चाललं. तीन मजले फिरलो, पण बाळाला पाजायला जागा मिळेना. एका दुकानातला मुलगा म्हणाला, ‘‘ट्रायल रूम वापरा ना.’’ ताई आत गेली. बाहेर लाइन लागली, कुणीतरी दार वाजवलं. पिल्लूचं पोट अर्धवट भरलं आणि आम्ही घरी परतलो. येताना ताई एवढंच म्हणाली, ‘‘आपण उगाच आलो.’’

एसटी स्टँडवर ‘हिरकणी कक्ष’ अशी पाटी तुम्हीही पाहिली असेल. तान्ह्या बाळासाठी रात्री रायगडाचा कडा उतरून गेलेल्या आईची गोष्ट आपण शाळेतच ऐकतो. तिचं नाव दिलेल्या या खोल्या बाळाला पाजण्यासाठी असतात. त्या पाटीसमोरून मी शेकडो वेळा गेलो असेन, पण ती कशासाठी आहे हे कळायला मामा व्हावं लागलं.

मॉलच्या त्या दिवसानंतर ताई बाहेर जायला नाहीच म्हणू लागली. ‘‘घरीच बरं आहे.’’ आम्हाला वाटलं, दमली असेल. एकदा रात्री पाणी प्यायला उठलो, तर ती गॅलरीत एकटीच रडत होती. ‘‘काही नाही रे, झोप तू.’’ दुसऱ्या दिवशी मी आईला सांगितलं आणि ती ताईला डॉक्टरांकडे घेऊन गेली. डॉक्टर म्हणाल्या, बाळंतपणानंतरचे काही दिवस रडू येणं, मन हळवं होणं बऱ्याच जणींना होतं. पण ते दोन आठवड्यांहून जास्त राहिलं किंवा नंतर सुरू झालं, तर ‘होतं असं’ म्हणून सोडायचं नाही. झोप आणि थोडा स्वतःचा वेळ, हे तिला औषधाइतकंच लागतं. सरकारची ‘टेली-मानस’ ही हेल्पलाइनही आहे, १४४१६ या नंबरवर. आम्ही सगळे पिल्लूची मान, वजन आणि झोप लिहून ठेवत होतो. ताई शेवटची सलग सहा तास कधी झोपली, हे कुणालाच सांगता आलं नसतं.

मग आम्ही ड्युट्या लावल्या. पहाटे आई, सकाळी बाबा, संध्याकाळी मी. शनिवार-रविवार रात्री जिजू. आणि एका शुक्रवारी मी ताईला म्हटलं, ‘‘तू मैत्रिणींबरोबर मिसळ खाऊन ये. मी बघतो हिच्याकडे.’’ तिने दहा सूचना दिल्या, दारातून दोनदा परत आली आणि शेवटी गेली.

त्याच दोन तासांत, हॉलमधल्या सतरंजीवर, पिल्लू पालथी पडली. आधी पाय वर, मग एक खांदा, मग धपकन पोटावर. हात अंगाखाली अडकला, तो तिने ओढून काढला आणि मान वर करून माझ्याकडे पाहिलं. मी एकटाच ओरडलो, ‘‘येस!’’

ताईला मेसेज टाइप केला, पण पाठवला नाही. कितीतरी दिवसांनी ती बाहेर गेली होती. हे कळलं असतं तर मिसळ अर्धी टाकून आली असती आणि ‘मी नव्हते’ हे मनाला लावून घेतलं असतं. आली तेव्हा ती मोठमोठ्याने बोलत होती, अगदी पूर्वीसारखी. मी गप्प बसलो.

दुसऱ्या दिवशी दुपारी तिची हाक आली, ‘‘अरे, धाव! पालथी पडली!’’ जिजूंना व्हिडिओ कॉल लागला, आजीने दृष्ट काढली. मीही जोरात म्हटलं, ‘‘अरे वा, पहिल्यांदाच!’’

पुढच्या महिन्यात ताईची रजा संपतेय. कायद्याने पहिल्या दोन मुलांसाठी २६ आठवड्यांची भरपगारी रजा मिळते. तिची तीन बाळंतपणाआधीच गेली. ती ऑफिसात असताना पिल्लू काय काय पहिल्यांदा करेल, याची तिला आत्तापासून धाकधूक आहे. म्हणून हे लिहून टाकलं. ताई, सॉरी. पालथी ती शुक्रवारीच पडली होती. पण तू पाहिलंस तेव्हाही ती तितकीच खूश दिसत होती.