हॉटेलचे रिवॉर्ड पॉइंट आणि चलनाचा विनिमय दर

प्रास्ताविक

मोठ्या हॉटेल साखळीत मुक्काम केला की सदस्याच्या खात्यात पॉइंट जमा होतात. पुरेसे पॉइंट साठले की त्यांच्या बदल्यात मुक्काम मिळतो. एवढा भाग बहुतेकांना माहीत असतो. परंतु भारतातील पाहुणा बिल रुपयांत भरतो आणि अनेक आंतरराष्ट्रीय साखळ्या त्याचे पॉइंट डॉलर किंवा युरोच्या हिशेबाने मोजतात, याकडे सहसा लक्ष जात नाही. त्यामुळे खात्यातील पॉइंटची संख्या तीच राहिली तरी त्यांची रुपयांतील किंमत बदलत असते.

कामानिमित्त वारंवार फिरणाऱ्या व्यक्तीकडे काही वर्षांत लाखभर पॉइंट सहज साठतात. ते आता वापरावेत की ठेवावेत, देशात वापरावेत की परदेशात, हा हजारो रुपयांचा प्रश्न असतो. तो कसा सोडवायचा, हे या पाठात उदाहरणांसह पाहू.

पाठाची उद्दिष्टे

हा पाठ अभ्यासल्यावर आपल्याला पुढील गोष्टी करता येतील:

- एखाद्या योजनेतील पॉइंट कोणत्या चलनाशी बांधलेला आहे हे ओळखणे
- पॉइंटचे रुपयांतील मूल्य काढणे
- विनिमय दर बदलल्यावर पॉइंट वापरावेत की रोख पैसे द्यावेत हे ठरवणे

१. पॉइंट कोणत्या चलनाशी बांधलेला असतो?

पॉइंट हे चलन नाही. पण ते मिळवताना आणि वापरताना कोणत्या तरी चलनाचा आधार घेतला जातो. त्या दृष्टीने योजनांचे तीन प्रकार पडतात.

(अ) डॉलरवर मिळणारे पॉइंट: मॅरियट बॉनव्हॉय, हिल्टन ऑनर्स आणि आयएचजी वन रिवॉर्ड्स या योजनांत बहुतेक ब्रँडच्या हॉटेलांत दर अमेरिकी डॉलरच्या पात्र खर्चावर १० मूळ पॉइंट मिळतात. वर्ल्ड ऑफ हयातमध्ये डॉलरला ५ मिळतात. बिल रुपयांत असले तरी आधी त्याचे डॉलरमध्ये रूपांतर होते. पात्र खर्चात सर्वसाधारणपणे कराची रक्कम धरली जात नाही.

(आ) युरोशी बांधलेले पॉइंट: फ्रान्सच्या अ‍ॅकोर समूहाच्या योजनेत पॉइंट युरोतील खर्चावर मिळतात आणि २,००० पॉइंटच्या बदल्यात ४० युरोची सूट मिळते. म्हणजे एक पॉइंट हा नेहमी २ युरो-सेंटचा असतो.

(इ) रुपयाशी बांधलेले पॉइंट: टाटा न्यूमध्ये एक न्यूकॉइन म्हणजे एक रुपया. डॉलर कितीही वर-खाली झाला तरी न्यूकॉइनचे रुपयांतील मूल्य बदलत नाही.

२. मिळवताना होणारा परिणाम

२०१९ मध्ये एका डॉलरला साधारण ७० रुपये पडत होते. २०२४ मध्ये सुमारे ८४. हेच दोन दर घेऊन एक कल्पित उदाहरण करू.

समजा, बेंगळुरूच्या एका हॉटेलात एका रात्रीचे भाडे कर वगळून ८,४०० रुपये आहे आणि डॉलरला १० पॉइंट मिळतात.

- डॉलर ७० रुपये असताना: ८,४०० ÷ ७० = १२० डॉलर, म्हणून १,२०० पॉइंट
- डॉलर ८४ रुपये असताना: ८,४०० ÷ ८४ = १०० डॉलर, म्हणून १,००० पॉइंट

पाहुण्याने खर्च केला तेवढाच, खोलीही तीच. पण रुपया घसरल्यामुळे २०० पॉइंट कमी मिळाले. योजनेच्या नियमांत काहीही बदल न होता ही कपात झाली.

३. वापरताना होणारा परिणाम

आता परदेशातील एका खोलीचे रोख भाडे सर्व कर धरून २०० डॉलर आहे आणि तीच खोली २५,००० पॉइंटला मिळते असे समजा. पॉइंटचे मूल्य काढण्याचे सूत्र सोपे आहे:

एका पॉइंटचे मूल्य = वाचलेले रोख भाडे ÷ लागलेले पॉइंट

येथे २०० ÷ २५,००० म्हणजे ०.८ सेंट. रुपयांत पाहिले तर डॉलर ७० असताना एक पॉइंट ५६ पैशांचा आणि डॉलर ८४ असताना ६७.२ पैशांचा. म्हणजे रुपया घसरल्यावर नवे पॉइंट कमी मिळतात. पण आधी साठवलेला प्रत्येक पॉइंट परदेशी मुक्कामासाठी रुपयांच्या हिशेबात महाग होतो.

४. दोन्ही परिणाम एकत्र

वरील दोन उदाहरणे जोडून ८,४०० रुपयांच्या खर्चावर किती परतावा मिळतो ते पाहू.

- ७० च्या दराने मिळवले, ७० च्याच दराने वापरले: १,२०० × ५६ पैसे = ६७२ रुपये, म्हणजे ८ टक्के
- ८४ च्या दराने मिळवले, ८४ च्याच दराने वापरले: १,००० × ६७.२ पैसे = ६७२ रुपये, म्हणजे ८ टक्के
- ७० च्या दराने मिळवले, ८४ च्या दराने वापरले: १,२०० × ६७.२ पैसे = सुमारे ८०६ रुपये, म्हणजे ९.६ टक्के
- ८४ च्या दराने मिळवले, ७० च्या दराने वापरले: १,००० × ५६ पैसे = ५६० रुपये, म्हणजे सुमारे ६.७ टक्के

या चार ओळी म्हणजे या पाठाचे सार आहे. मिळवताना आणि वापरताना दर एकच असेल तर डॉलर ७० असो की ८४, परतावा सारखाच राहतो. दोन्ही परिणाम एकमेकांना खोडून काढतात. फरक पडतो तो मिळवण्याच्या आणि वापरण्याच्या दिवसांमध्ये दर किती बदलला यामुळे. म्हणूनच खात्यात पॉइंट ठेवणे म्हणजे थोडीशी परकीय चलनातील ठेव बाळगण्यासारखे आहे. मात्र या ठेवीवर व्याज मिळत नाही.

५. देशातच वापरले तर?

डॉलरवर मिळवलेले पॉइंट भारतातच वापरले तर वरचा हिशेब आपोआप लागू होत नाही. दोन शक्यता असतात.

पहिली, भारतातील हॉटेलचा पॉइंट-दर ठरलेला आहे. समजा, ८,४०० रुपयांची खोली १०,००० पॉइंटला मिळते. येथे एक पॉइंट ८४ पैशांचा, डॉलर कितीही असो. अशा वेळी रुपयाच्या घसरणीचा तोटाच होतो: नवे पॉइंट कमी मिळतात आणि त्यांचे मूल्य मात्र वाढत नाही. पूर्वी १,२०० पॉइंटचे १,००८ रुपये होत होते, आता १,००० पॉइंटचे ८४० होतात.

दुसरी, पॉइंट-दर रोख भाड्याप्रमाणे बदलतो. ०.८ सेंटच्या हिशेबाने पाहिले तर १२० डॉलरच्या खोलीला १५,००० पॉइंट लागत होते. रुपया घसरून तेच भाडे १०० डॉलरचे झाले की १२,५०० पॉइंट पुरतात. येथे घसरणीची भरपाई होते.

हिल्टनने २०१७ मध्ये आणि मॅरियटने २०२२ मध्ये ठरावीक पॉइंट-दरांचे तक्ते बंद केले. त्यामुळे या योजनांत दुसरी शक्यता अधिक लागू पडते, जरी पॉइंट-दर भाड्याच्या अगदी प्रमाणातच बदलेल असे नाही. हयातने श्रेणीनिहाय तक्ता ठेवला आहे. अशा तक्त्यात हॉटेलची श्रेणी ठरावीक काळानंतरच बदलते. चलनाचा दर मात्र रोज बदलतो.

६. तिसरे चलन: जपानचे उदाहरण

भारतीय प्रवासी जपानला जातो तेव्हा रुपया, डॉलर आणि येन अशी तीन चलने हिशेबात येतात. २०२१ च्या सुरुवातीला एका डॉलरला सुमारे १०४ येन मिळत; २०२४ च्या मध्याला सुमारे १६०.

समजा, एक खोली ३०,००० येनला किंवा १५,००० पॉइंटला मिळते आणि दोन्ही आकडे तसेच राहिले.

- १०४ च्या दराने: सुमारे २८८ डॉलर, एक पॉइंट १.९२ सेंटचा. तेव्हा डॉलर सुमारे ७३ रुपये होता, म्हणून पॉइंट सुमारे १.४० रुपयांचा
- १६० च्या दराने: १८७.५ डॉलर, एक पॉइंट १.२५ सेंटचा. डॉलर सुमारे ८३.५० रुपये धरला तर पॉइंट सुमारे १.०४ रुपयांचा

रुपया डॉलरपुढे घसरलेला असूनही पॉइंटचे रुपयांतील मूल्य कमी झाले, कारण येन रुपयापेक्षाही अधिक घसरला होता. यातून नियम निघतो: जेथे मुक्काम करायचा त्या देशाचे चलन स्वस्त झाले असेल आणि पॉइंट-दर तसाच असेल, तर रोख पैसे भरून पॉइंट राखून ठेवणे बरे. स्थानिक चलन महाग झाले असेल तर पॉइंट वापरणे फायद्याचे.

संयुक्त अरब अमिरातीत स्थिती वेगळी आहे. तेथील दिरहॅम १९९७ पासून डॉलरला ३.६७२५ या दराने बांधलेला आहे. त्यामुळे दुबईच्या मुक्कामात फक्त रुपया-डॉलर दर पाहिला तरी पुरते. मालदीवमधील रिसॉर्टचे भाडे तर सहसा डॉलरमध्येच सांगितले जाते.

७. पॉइंट विकत घेताना

खात्यात थोडे पॉइंट कमी पडले तर कंपन्या ते विकतातही. पण किंमत डॉलरमध्ये असते. उदाहरणार्थ, १,००० पॉइंटला १० डॉलर असा दर असेल तर डॉलर ८४ असताना पॉइंट ८४ पैशांना पडतो. भारतीय क्रेडिट कार्डावर परकीय चलनाचा आकार साधारण २ ते ३.५ टक्के असतो आणि त्या आकारावर १८ टक्के जीएसटी लागतो. ३.५ टक्के धरले तर पॉइंट सुमारे ८७ पैशांना पडेल. वापरताना त्याचे मूल्य ६७ पैसे निघणार असेल तर हा व्यवहार तोट्याचा आहे. सवलतीची जाहिरात दिसली तरी आधी हा हिशेब करावा.

८. पॉइंट साठवून ठेवावेत का?

रुपया दीर्घकाळात डॉलरपुढे घसरत आला आहे. मग पॉइंट धरून ठेवणेच शहाणपणाचे, असे वाटू शकते. येथे तीन धोके लक्षात घ्यावेत.

- पॉइंटची किंमत कंपनी ठरवते. एका खोलीला २५,००० ऐवजी ३२,००० पॉइंट लागू लागले की दराचा फायदा पुसला जातो.
- डॉलरमधील भाडेही महागाईने वाढते, आणि पॉइंटवर व्याज नसते.
- पॉइंट बाद होतात. मॅरियट, हिल्टन व हयातमध्ये २४ महिने खात्यात कोणतीही हालचाल नसेल तर पॉइंट जातात.

वरील उदाहरणात ७० वरून ८४ म्हणजे २० टक्के वाढ व्हायला सुमारे पाच वर्षे लागली. कंपनीने पॉइंट-दर एकदा बदलला की तेवढा फरक एका दिवसात नाहीसा होऊ शकतो. म्हणून विनिमय दराचा विचार पॉइंट कोठे वापरायचे हे ठरवण्यासाठी करावा. केवळ दर वाढेल या आशेने ते वर्षानुवर्षे ठेवू नयेत.

सारांश

पॉइंट मिळवताना एक दर लागतो, वापरताना दुसरा. दोन्ही वेळी दर सारखा असेल तर चलनाचा परिणाम उरत नाही. रुपया घसरल्यास जुने पॉइंट परदेशात वापरणे लाभदायक ठरते. देशात मिळवून देशातच ठरावीक पॉइंट-दराने वापरणाऱ्याला मात्र तोटा होतो. प्रत्येक वेळी रोख भाड्याला पॉइंटच्या संख्येने भागून रुपयांतील मूल्य काढावे आणि मगच निर्णय घ्यावा.

स्वाध्याय

१. युरो ९० रुपयांवरून १०० रुपयांवर गेला तर ४० युरोच्या सवलतीचे रुपयांतील मूल्य किती वाढेल?

२. एका पाहुण्याने डॉलर ८० रुपये असताना कर वगळून ४०,००० रुपये खर्च केले. डॉलरला १० पॉइंट मिळतात. पुढे डॉलर ८८ रुपये असताना दुबईत १०० डॉलरची खोली १२,५०० पॉइंटला मिळत होती. त्याच्या पॉइंटचे रुपयांतील मूल्य आणि खर्चावरील परतावा काढा.

३. रुपयाशी बांधलेल्या पॉइंटचा एक फायदा आणि एक मर्यादा सांगा.

उत्तरे: (१) ४०० रुपये. (२) ५,००० पॉइंट, प्रत्येकी ७०.४ पैसे, एकूण ३,५२० रुपये, परतावा ८.८ टक्के. (३) विनिमय दर बदलल्याने मूल्य कमी होत नाही; पण रुपया घसरल्यावर परदेशातील खर्चासाठी त्याचा उपयोग घटतो.