गिरकी कुठून येते?

जानेवारी १८९५. सेंट पीटर्सबर्गच्या मारिन्स्की थिएटरमध्ये ‘स्वान लेक’चा प्रयोग. राजवाड्यातल्या नृत्यसमारंभाच्या प्रवेशात पिएरिना लेन्यानी ही इटालियन नर्तकी एकाच पायावर, जागा न सोडता, लागोपाठ ३२ गिरक्या घेते. रशियन नर्तकींना हे कसब तोवर साधलेलं नव्हतं. त्याच थिएटरच्या शाळेत तेव्हा पंधरा वर्षांची आग्रिपिना वागानोवा शिकत होती. तिचे वडील या थिएटरात प्रेक्षकांना जागा दाखवायचं काम करत.

या गिरक्या नीट पाहिल्या तर थक्क व्हायला होतं. उभा पाय जात्याच्या मधल्या खिळ्यासारखा एका जागी रोवलेला. प्रत्येक फेरीत क्षणभर त्याची टाच जमिनीला टेकते, गुडघा वाकतो आणि पुन्हा सगळं शरीर बोटांच्या टोकावर चढतं. दुसरा पाय हवेत पुढून बाजूला फिरतो. तो फिरत असताना धड प्रेक्षकांकडे तोंड करून जवळजवळ थबकलेलं असतं, म्हणजे सगळी गती त्या पायात साठलेली असते. मग पाय गुडघ्यापाशी ओढून घेतला, हात छातीसमोर मिटले, की तीच गती धडात उतरते आणि शरीर झपकन फिरतं. डोकं सर्वांत शेवटी वळतं आणि सर्वांत आधी परत येतं. नजर एकाच बिंदूवर असल्यामुळे भोवळ आवरता येते. दर फेरीत जमिनीला दिलेला छोटासा रेटा घर्षणात गेलेली गती भरून काढतो. हे ३२ वेळा!

वागानोवा १८९७ मध्ये शाळेतून बाहेर पडली आणि मारिन्स्कीच्या नृत्यसंघात दाखल झाली. नशीब मात्र तिच्याकडे पाठ फिरवूनच होतं. क्षेसिन्स्काया, प्रेओब्राझेन्स्काया, पाव्लोवा, कार्साविना अशा तेजस्वी नर्तकींचा तो काळ. वागानोवाचे पाय भक्कम, उडी जोरकस. पण हातांत हवा तो गोडवा नव्हता, चेहराही रूढ अर्थानं देखणा नव्हता. थोर नृत्यरचनाकार मारियुस पेतिपा यांच्या रोजनिशीत तिच्या नाचाबद्दल अगदी कडवट शेरा आहे. मोठ्या बॅलेमध्ये मधेच येणारी छोटी एकल नृत्यं, म्हणजे व्हेरिएशन, मात्र वागानोवा इतकी अप्रतिम करायची की समीक्षकांनी तिला ‘व्हेरिएशनची राणी’ म्हटलं. पण राणीला राज्य मिळालं फार उशिरा. बॅलेरिनाचा, म्हणजे प्रमुख नर्तकीचा, दर्जा १९१५ मध्ये, आणि १९१६ मध्ये रंगभूमीचा निरोप.

मला वाटतं, तिची खरी घडण या वंचनेतच झाली. ज्यांना सहज येतं, त्यांना ते कसं येतं हे शोधावं लागत नाही. वागानोवाला शोधावं लागलं. सोबतच्या प्रेओब्राझेन्स्काया इटालियन गुरू एन्रिको चेकेत्तींकडे शिकून कशा बदलत गेल्या, हे ती निरखत राहिली. फ्रेंच परंपरेत मार्दव होतं, पण ते कधी कधी ढिलं पडे. इटालियन परंपरेत जोर आणि नेमकेपणा होता, पण हालचाल कोनदार होई. एकीचा जोर आणि दुसरीचं मार्दव एकाच शरीरात कसं नांदवायचं?

उत्तर शोधण्याचा काळ मात्र भयंकर होता. १९१७ च्या क्रांतीनंतर उत्पन्न बुडालं, त्याच हिवाळ्यात जोडीदारानं आत्महत्या केली, पदरी मुलगा होता. मिळेल त्या मंचावर, सिनेमागृहांतसुद्धा, नाचून वागानोवांनी घर चालवलं. बॅले ही सरंजामी चैन आहे, ती बंद करा, असं म्हणणारेही तेव्हा कमी नव्हते. १९२१ मध्ये वागानोवा आपल्या जुन्या शाळेत शिक्षिका म्हणून परतल्या. ही शाळा वास्तुकार रोस्सींच्या नावाच्या रस्त्यावर आहे. रस्त्याची रुंदी २२ मीटर, दुतर्फा इमारतींची उंची २२ मीटर आणि लांबी २२० मीटर. प्रमाणबद्धतेचे धडे द्यायला याहून योग्य पत्ता कुठला असणार!

वागानोवाबाईंच्या पद्धतीचा प्राण पाठीत आहे. पाय मागे उंच उचलला की कटिभाग पुढे कलतो. छाती वर ठेवायची तर कण्यालगतच्या स्नायूंनी सगळा भार पेलायला हवा. पाठ अशी तयार झाली की हात मोकळे होतात, आणि मग हात नुसते शोभेचे राहत नाहीत. ते गिरकीला वेग देतात, उडीला उंची देतात. ज्या हातांसाठी बाईंनी आयुष्यभर टीका ऐकली, त्याच हातांना त्यांनी कामाला लावलं, हे मला फार विलक्षण वाटतं.

हे मुरायला वेळ लागतो. लहान मुली आधी दोन्ही हातांनी भिंतीलगतचा दांडा धरून, त्याच्याकडे तोंड करून गुडघे वाकवायला शिकतात. खुब्यापासून पाय बाहेर वळवणं, टाच, चवडा, बोटं असं क्रमानं जमिनीवरून उचलणं, हे रोज, वर्षानुवर्षं. चूक झाली तर ती का झाली, हे विद्यार्थिनीला सांगता यायला हवं, असा बाईंचा आग्रह असे. हे सगळं त्यांनी ‘अभिजात नृत्याची मूलतत्त्वं’ या अर्थाच्या नावाच्या पुस्तकात मांडलं. ते १९३४ मध्ये प्रसिद्ध झालं. दरम्यान १९३१ ते १९३७ त्यांनी थिएटरच्या बॅले विभागाचं नेतृत्वही केलं.

१९२५ मध्ये मारिना सेम्योनोवा त्यांच्या वर्गातून बाहेर पडली, १९२८ मध्ये गालिना उलानोवा, १९३१ मध्ये नतालिया दुदिन्स्काया. सेम्योनोवाचा दिमाख, उलानोवाची हळुवार भावमयता, दुदिन्स्कायाची विजेसारखी चपळाई: तिघींत साम्य शोधू गेलात तर हाती लागतो फक्त तो कणा. पद्धत इतकी काटेकोर, तरी एकीवर दुसरीची छाप नाही. सेम्योनोवा पुढे मॉस्कोच्या बोल्शोय थिएटरमध्ये नव्वदी उलटल्यावरही शिकवत राहिल्या.

बाईंच्या अखेरच्या वर्गातली इरिना कोल्पाकोवा १९५१ मध्ये शाळेतून बाहेर पडली. त्याच वर्षी नोव्हेंबरात बाई गेल्या. १९५७ मध्ये शाळेला त्यांचं नाव मिळालं. कोल्पाकोवा अनेक वर्षं रंगभूमी गाजवून नंतर न्यूयॉर्कला गेल्या आणि तिथल्या अमेरिकन बॅले थिएटरमध्ये नव्या नर्तकींना शिकवू लागल्या.