‘उद्यापासून येऊ नका’ म्हटलं, म्हणजे काम गेलं का?

गटाच्या बैठकीत हप्ते गोळा करून झाले की हल्ली हा प्रश्न हमखास निघतो. कुणाची सून द्राक्षाच्या पॅकहाउसला जाते, कुणी काजूच्या कारखान्यात, कुणी शिलाईच्या युनिटमध्ये. एक दिवस सुपरवायझरचा फोन येतो, ‘उद्यापासून येऊ नका.’ असं काढता येतं का?

आधी कडू ते सांगून टाकतो. कामावरून काढलं म्हणजे दर वेळी बेकायदाच झालं, असं नाही. काम कमी झालं तर मालकाला माणसं कमी करता येतात. ठरावीक मुदतीचं पत्र होतं आणि मुदत संपली, तर तक्रारीला फारशी जागा राहत नाही. हंगाम संपला म्हणून घरी बसवलं आणि पुढच्या हंगामाला बोलावलं, तर तेही काढणं धरत नाहीत. कायदा दोन गोष्टी बघतो. का काढलं, आणि कसं काढलं.

‘कसं’ याचा हिशेब 240 दिवसांपासून सुरू होतो. मागच्या बारा महिन्यांत 240 दिवस काम भरलं असेल, तर काम नाही म्हणून काढताना एक महिन्याची लेखी नोटीस द्यावी लागते, नाहीतर महिन्याचा पगार. शिवाय दर पूर्ण वर्षामागे पंधरा दिवसांच्या पगाराची भरपाई. पगारी सुट्टी आणि बाळंतपणाची रजाही या 240 मध्ये मोजतात. समजा रोज 400 रुपये आहे आणि नोकरी तीन वर्षं सात महिन्यांची. सहा महिन्यांच्या वरचा तुकडा पूर्ण वर्ष धरतात, म्हणून चार वर्षांचे 24,000 रुपये, नोटिशीचे वेगळे. आणि एकाच कामावरच्या बायांत सहसा शेवटी आलेली आधी जाते. जुनीला काढून नवी ठेवली, तर त्याचं कारण मालकाने लिहून ठेवायला हवं.

हे पूर्वी 1947 च्या औद्योगिक विवाद कायद्यात होतं. 21 नोव्हेंबर 2025 पासून त्या जागी औद्योगिक संबंध संहिता आली, पण हा हिशेब तसाच राहिला. घरकाम करणाऱ्या बायांना मात्र ती लागू नाही, ही मोठीच उणीव आहे.

चोरी केली, भांडण केलं असा आळ घालून काढायचं असेल, तर आरोप लेखी द्यावा लागतो, चौकशी करावी लागते, तुमचं म्हणणं ऐकावं लागतं. बाळंतपणाच्या रजेवर असताना काढणं तर सरळ बेकायदा. संघटनेत गेली म्हणून काढणं, साहेबाच्या छेडछाडीची तक्रार केली म्हणून काढणं, हेही चालत नाही.

आता खरी अडचण. मालक म्हणतो, ‘आम्ही काढलंच नाही, बाई स्वतःच सोडून गेली.’ म्हणून फोन आल्यावर रडत घरी बसू नका. दुसऱ्या दिवशी गेटवर जा. आत घेतलं नाही तर साध्या मराठीत पत्र लिहा: मी कामावर यायला तयार आहे, मला आत घेत नाहीत. स्पीड पोस्टाने पाठवा आणि पावती जपा. बँकेचं पासबुक, पीएफचा नंबर, ईएसआयचं कार्ड, हजेरीचा फोटो, सुपरवायझरचे व्हॉट्सअ‍ॅप निरोप, सगळं पुरावा आहे. पगार रोखीने मिळत असेल तर कॅलेंडरवर रोज खूण करा. दुधाचा हिशेब ठेवतो तसाच.

दुसरी अडचण सहीची. आमच्या गटातल्या एका ताईला राहिलेला पगार घ्यायला बोलावलं आणि पुढे छापील कागद सरकवला. ‘स्वखुशीने राजीनामा देत आहे, काही बाकी नाही.’ सही केली तरच पैसे. घरात किराणा संपलेला, पोरीची फी तटलेली. तिने सही केली नाही, कारण गटाने अंतर्गत कर्जातून 3,000 रुपये त्याच संध्याकाळी दिले. कायदा माहीत असणं वेगळं आणि आठ दिवस थांबता येणं वेगळं! पुढे कामगार कार्यालयात समेट झाला. नोटिशीचे आणि भरपाईचे पैसे मिळाले. काम काही परत मिळालं नाही.

ठेकेदाराकडून लागलात तरी त्याच्यावर दावा होतो, त्याचं नाव-पत्ता आधीच लिहून ठेवा.

जायचं कुठे? जिल्ह्याच्या सहायक कामगार आयुक्तांच्या कार्यालयात लेखी अर्ज द्या. तिथे समेटाचा प्रयत्न होतो. 45 दिवसांत मिटलं नाही तर थेट न्यायाधिकरणात जाता येतं, पण काढल्यापासून दोन वर्षांच्या आत. महाराष्ट्राच्या 1971 च्या कायद्याने अनुचित कामगार प्रथेची तक्रार करायची तर मुदत फक्त 90 दिवसांची, म्हणून पहिल्या महिन्यातच हाला. छेडछाडीचं प्रकरण असेल तर तीन महिन्यांत तक्रार करा. दहापेक्षा कमी माणसांच्या जागी ती जिल्ह्याच्या स्थानिक समितीकडे जाते. वकिलाच्या फीची चिंता नको. विधी सेवा प्राधिकरणाकडून बाईला मोफत वकील मिळतो, उत्पन्न कितीही असो. तालुक्याच्या कोर्टात त्यांची समिती असते, फोन नंबर 15100.